माऊसची दोन बटणं

आईला अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी हलत. मी बुलढाण्याला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. तिच्यासाठी मायक्रोकंट्रोलर बोर्डाला, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकाला, यूएसबी माऊस नि दोन दिवे जोडले आणि पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. बोर्डाला आधी माऊस ओळखूच येईना. शेवटी जमलं. डावं बटण दाबलं की हिरवा दिवा, म्हणजे हो. उजवं दाबलं की लाल, म्हणजे नाही.

रविवारी अमडापूरला घरी जाऊन माऊस तिच्या हाताखाली ठेवला. बाबा खाटेजवळ बसले.

"चहा पायजे का तुले?"

लाल.

"काही दुखून राह्यलं का?"

हिरवा दिवा लागला. तिनं बोट उचललंच नाही.

ती शांत पडून असायची, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही सांगत होतो, तिला त्रास काही नाही. बाबांनी डोकं, पाठ, पाय असं एकेक विचारलं. प्रत्येकाला हिरवा.

डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या, पण फारसा फरक पडला नाही. पुढे बाबा तिला बाकी सगळं विचारत, दुखण्याचं मात्र कधी काढत नसत. एकदा मी कारण विचारलं.

"उत्तर मालूम हाय मले," ते म्हणाले. "मंग काऊन विचारू?"