बेंजोवाल्या शेजाऱ्याचा डबा

नागपूर स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी बाबांनी खिडकीतून हात घालून माझ्या पर्सची चेन ओढून बंद केली. "तिथं फुकट कोणी काही देणार नाही, वंदना. दिलंच, तर आधी विचारायचं, काहून देतो?" माझा नवरा सुनील हसला. मी हसले नाही. पासपोर्ट, डिग्र्या, मसाले, लोणचं, बुद्धवंदनेचं पुस्तक, अशी यादी मनात चालू होती. तिच्या शेवटी बाबांचं वाक्यही जोडलं.

कॅनडात, विंडसरला ते वाक्य भाजीच्या सुरीइतकं कामाला आलं. बेसमेंट भाड्यानं देणाऱ्याचं गोड बोलणं, फोनवरून मिळालेली फ्री क्रूझ, विंटर टायर्सवरची सूट, सगळ्यांना मी तोच प्रश्न लावला. फसले नाही. सुनील गाड्यांचे पार्ट डिझाईन करायचा, मी एका ऑफिसात पगारांचे हिशोब बघायची. कामं वेळेवर, बिलं वेळेवर. शेजाऱ्यांशी हाय आणि बाय.

आई गेल्यावर बाबांना बोलावून घेतलं. व्हिसा वाढवायचा अर्ज मी भरून ठेवला होता, बाबांची सही तेवढी राहिली होती. ते करत नव्हते. "इथं दिवसभर फ्रिजचा आवाज ऐकतो मी. जाऊ दे मला." नागपूरच्या घरात त्यांना चहा विचारायला कोणी उरलं नव्हतं. त्यांनी राहावं, एवढंच मला हवं होतं.

एका दुपारी शेजारच्या मिस्टर हॅनलींच्या दारापुढचा बर्फ बाबांनी फावड्यानं शोव्हल करून टाकला. हॅनली नव्वदीपारचे, कृष्णवर्णीय, एकटे. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांना डब्यात भरून वांग्याची भाजी नेली. येताना बजावून आले, "एम्प्टी रिटर्न नो. व्हेरी बॅड." आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे त्यांना सांगायचं होतं.

डबा बिस्किटं घेऊन परत आला. बाबांनी तो पुन्हा भरून पाठवला. यावेळी आत कासवाच्या कवचाची नखी होती, तार छेडायची. पुढच्या वेळी तारा टेकवायची लाकडाची घोडी. मग एक फोटो, मागे १९२६ लिहिलेला: नदीतल्या बोटीवर बँड, आणि कडेला मांडीवर बेंजो घेतलेला कोवळा पोरगा.

"हॅनली आहे तो," बाबा जेवताना म्हणाले. "बँडात सगळ्यात मोठा आवाज याचाच. तेव्हा माईक नव्हते ना."

बाबा स्वतः तरुणपणी भीमजयंतीच्या गाण्यांच्या पार्टीत बेंजो वाजवायचे. आपला बेंजो टाइपरायटरसारख्या कळांचा, हॅनलींचा डफासारखं कातडं ताणलेला. वाद्यं वेगळी, तरी दोघं हातवाऱ्यांनी तासन्‌तास बोलत. डब्यामागून डबा येत गेला तसा मला हॅनलींचं आयुष्य कळत गेलं. ते रोज संध्याकाळी नदी ओलांडून अमेरिकेत, डेट्रॉइटच्या क्लबात वाजवायला जात. ब्लूज गाणाऱ्या बायकांना साथ करत. रेकॉर्ड निघाल्या, गाणारीचं नाव मोठं, यांचं कुठंच नाही. मग माईक आले, गिटार आली, आणि मालकानं सांगितलं, गिटार शिक नाहीतर घरी जा. ते कारखान्यात गेले.

"आमच्या पार्टीत कीबोर्ड आला तेव्हा मलाही असंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले.

मला वाईट वाटलं, पण प्रश्न सुटला नाही. हा म्हातारा आपलं सगळं आम्हाला काहून देतो? उद्या म्हणेल, डॉक्टरकडे न्या, ग्रोसरी आणा, इथं सही करा. सुनील म्हणाला, "अगं, एकटा आहे बिचारा." एकट्या माणसांनाच जास्त कामं असतात, मी म्हटलं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात हॅनलींची भाची डोना, बूटही न झटकता उभी. "माझ्या मामाचा बेंजो कुठाय?"

"इथं कुठला बेंजो," असं मी म्हणेपर्यंत बाबा आतून बेंजोची केस घेऊन आले. शुक्रवारी डबा त्या केसमध्ये बसून आला होता म्हणे, आणि माझ्या भीतीनं त्यांनी ती पलंगाखाली सरकवली होती.

डोनाचा आवाज चढला. "घर रिकामं झालंय त्याचं! तुझ्या वडिलांनी काय काय मागितलं त्याच्याकडे?"

"माझे बाबा कोणाकडे काही मागत नाहीत." माझाही आवाज चढला. आठवडाभर मी उलट्या बाजूनं हेच विचारत होते, तरी चढला.

आम्ही तिघं केस आणि तो फोटो घेऊन शेजारी गेलो. हॅनली खुर्चीत बसले होते. डोनानं विचारलं तसे ते गोंधळले. "तो म्हणाला, रिकामा परत करणं फार वाईट. बिस्किटं संपली. मला स्वयंपाक येत नाही. मग जे होतं ते घातलं. पण हा थांबेचना, रोज नवा डबा!"

मी बाबांना मराठीत सांगितलं. बाबांनी कपाळावर हात मारला. "अरे, चिमूटभर साखर टाकायची ना बुवा! शुगर! लिटल!"

"शुगर?" हॅनली म्हणाले. "हे आधी सांगायचं होतंस, माणसा!"

डोना हसली नाही. तिनं केस उघडून तारा मोजल्या, फोटो ताब्यात घेतला. तिच्या जागी मीही हेच केलं असतं, म्हणून मला ती आवडायला लागली. जाताना तिनं बाबांच्या हातात हॅनलींच्या घराची किल्ली ठेवली. ती टोरोंटोला राहते. दुपारी कोणी डोकावलं तर बरं.

"बघा, फुकटचा केअरटेकर मिळाला तिला," मी घरी येऊन म्हटलं.

"असू दे. मला बोलावलं तर खरं," बाबा म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. अर्जावर सही झाली.

नागपूरहून तुम्ही सगळे विचारता, बाबा परत कधी? आणि तुम्ही, जे माझ्यासारखेच निघून आलात, विचारता, त्यांचं मन इथं रमलं का? रमण्याचं मला कळत नाही. परवा कॉलिंग कार्डानं फोन लावून ते काकांना सांगत होते, "अरे, हे नगरपालिकेचे बर्फ काढणारे गाडीवाले मुद्दाम आपली गल्ली शेवटी घेतात. काहीतरी आहे त्यांचं. मी तक्रार करणार आहे."

मी भांडी घासता घासता नळ बंद केला आणि पुन्हा ऐकलं. आपली गल्ली. पाहुणा माणूस घरमालकावर संशय घेतो, टॅक्सीवाल्यावर घेतो. नगरपालिकेवर संशय तोच घेतो, जो तिथं राहतो.