गोवराच्या घरचा दहीभात

"हा गोवर आहे, मीझल्स. आणि तो फुप्फुसात उतरलाय," अमरावतीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे न्यूमोनिया. लेकराला श्वास पुरत नाही. माझा सोहम तेव्हा सात महिन्यांचा. गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात, त्याची पाळीच आली नव्हती.

बाईंनी विचारलं, पुरळ आलेल्या लेकराजवळ नेलं होतं का? मी काय सांगणार, कपाळ!

आम्ही वलगावचे, मेथी-पालक पिकवणारे. शेजारच्या कवितावहिनींच्या तीन वर्षांच्या परीला माता आली होती, म्हणजे ताप आणि अंगभर पुरळ. आमच्याकडे मग औषध करत नाहीत. लेकराला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवतात, आळीतल्या बाया पाया पडायला जातात, दहीभाताचा प्रसाद घेतात. सासूबाई म्हणाल्या, सोहमलाही घे, मातेच्या पाया पडव. त्याला परीच्या पायांशी ठेवला. तापातही तिनं त्याचं बोट धरलं. मोठी गोड पोरगी होती हो.

हे सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "हा रोग हवेतून पसरतो. पेशंट उठून गेला तरी त्या खोलीतल्या हवेत रोग दोन तास राहतो. तुम्ही तर सगळी आळीच तिथं जमवली." वॉर्डात पलीकडच्या खाटांवर आमच्याच आळीतली आणखी दोन लेकरं होती.

सोहमला ऑक्सिजन लावला होता. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायच्या. मी त्या बघत बसायची. मातेला शिव्या द्यायची, घाबरून लगेच माफी मागायची. सासूबाई बाहेर बाकावर बसून. त्यांना घास उतरत नव्हता.

परीला शेवटी आणलं, पण फार उशिरा. ती गेली.

म्हणून सांगते, कुणाला राग आला तर येऊ द्या. अंगावर पुरळ आणि ताप असलेलं लेकरू तडक दवाखान्यात न्या, आणि बाकीच्यांना त्याच्या खोलीत जाऊ देऊ नका. पाया पडायचंच तर घरूनच पडा. लस चुकवू नका.

सोहम वाचला. आम्ही घरी आलो तशा कवितावहिनी आल्या. वाळून गेल्या होत्या पार. सोहमकडे बघितलं, हात लावला नाही.

"खरं सांग वं," त्या म्हणाल्या, "तुह्या पोराले माह्याच घरून लागलं ना?"

"नाही वं वहिनी. आमी दर्यापूरले लग्नाले गेलो होतो ना, तिथं जीपमंदी लागलं असन."

लग्नाला आम्ही गेलोच नव्हतो.  वहिनी खाली बसल्या आणि सोहमला मांडीवर घेतलं.