उतरून आत या

हॉर्न वाजला की चाचा आधी हात वर करायचे. गाडीवाल्याला दिसो न दिसो. मग दुकानाच्या गल्ल्यामागून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांना म्हणायचे, "यल्ला, चला रे बाबांनो."

अशा चाळीस-पन्नास खेपा रोज, सेहेचाळीस डिग्रीत. गाडीवाला एसीत, काच चार बोटं खाली. "दो खबूस, एक पानी." चाचांनी आत येऊन रोट्या घ्यायच्या आणि परत बाहेर जायचं. आखातात सगळीकडे असंच चालतं, मला माहीत आहे. आधी शहरात, अल कुसैसला राहत होते तेव्हा रोज बघायचे. पण चालतं म्हणजे काय? माणूस आहे की लिफ्ट? बटण दाबलं की हजर!

गाव वाळवंटात पार आत. एक मशीद, एक शाळा, एक पंप, सहा दुकानं, बाकी वाळूचे डोंगर. कंपनीच्या सौर प्रकल्पावर माझी बदली झाली आणि चाचांच्या दुकानावरची खोली मिळाली. ते रत्नागिरीकडचे. मी मराठी बोलले तेव्हा त्यांनी मला लबन, म्हणजे इथलं ताक पाजलं, आणि तेव्हापासून मी 'बाय' झाले.

"चाचा, सांगा ना एकदा, उतरा म्हणून."

"कोणाला सांगू गो? बावीस वर्षांत सगळ्यांचे हॉर्न पाठ झालेत. लांबलचक वाजला तर पंपावरचा मिस्री, तो इजिप्तवाला. तीनदा बारीक वाजला तर अबू राशिद."

अबू राशिद म्हणजे खजुराच्या बागेवाला म्हातारा अरब. त्याच्या खिडकीत कोपर टेकून चाचा पाव पाव तास उभे. अर्धी हिंदी, अर्धी अरबी, मधेच हसणं. मला त्याचाही राग यायचा.

जूनमध्ये एका खेपेनंतर चाचा तांदळाच्या पोत्यावर बसले ते उठेचनात. ओठ पांढरे. महिनाअखेर ते कायमचे गावी जाणार होते, मुलाने तिकीट काढलं होतं. तोवर तरी टिकायला हवेत ना! त्याच संध्याकाळी मी तीन भाषांत कागद लिहिला. 'हॉर्न वाजवू नका. उतरून आत या.' पत्रकात 'कृपया' घालायचं नाही, मागणी करायची, हे मी पुण्यात कॉलेजच्या आंदोलनांत शिकले.

चाचांनी अरबी ओळ सावकाश वाचली. "जरा कडक झालं गो."

"कडकच पाहिजे."

"लाव मग. एवढं लिहिलंस."

लोक उतरले. कुरकुरत, पण उतरले. चाचा बसून राहिले. मी जिन्यात उभी राहून बघायचे आणि खूश व्हायचे.

आठ दिवस अबू राशिद आला नाही. शेजारच्या बेकरीतल्या पठाणाने सांगितलं, "आया था. गाड़ी में बैठके पढ़ा, बहुत देर. फिर रिवर्स मारके चला गया."

"उतरायला काय झालं होतं?" मी चाचांवरच तडकले.

"गाडी चालवतो तेवढंच. त्याला उतरवायला दोन मुलगे लागतात."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? आणि मला वाटलं, त्याला कळेल. तो कागद त्याच्यासाठी नाय."

मी कागद फाडला. पण तो यायचाच थांबला होता, फाडलेलं दिसणार कोणाला? मी म्हटलं, माझ्याकडे गाडी आहे, बागेत नेते. चाचा नको म्हणाले. "दारावर असं लिहून त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

"तुम्ही नाही, मी लिहिलं!"

"दार माझं हाय ना."

चाचा त्याला न भेटता गेले.

तीन आठवड्यांनी खाली तीनदा बारीक हॉर्न वाजला. दारावर आता कागद नाही, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं. नव्या दुकानदाराने मोबाइलमधून मान वर केली नाही. मी धावत खाली गेले.

"चाचा किधर?"

"खलास. इंडिया गया." मग सांगूनच टाकलं, "वो कागज मैंने लिखा था."

"मालूम. चाचा ऐसा नहीं लिखता."

"तो फिर आए क्यों नहीं?"

"दरवाजा तो चाचा का."

पुन्हा तेच! मला दोघांचंही डोकं कळेना. बरं, फोन तरी करायचा! तर नंबरच नव्हता. बावीस वर्षांत एकमेकांचा नंबर घ्यायची वेळच आली नव्हती. मी चाचांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन खिडकीतून आत दिला.

"बोल गो बाय."

अबू राशिद म्हणाला, "चाचा, चार खबूस. एक लबन."

पलीकडून, रत्नागिरीतून, विचारणा आली, "बड़ा?"

"बड़ा."

"बाय, मोठं दे त्याला. आणि तारीख बघून दे, मागचं काढ."

मी आत गेले, मागचं काढलं, तारीख पाहिली. पिशवी खिडकीतून दिली. अबू राशिदने ती घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. चाचा गावी झालेल्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होते आणि हा मान डोलावत होता, जणू तिकडे त्यांना दिसतंय. फोन परत मागायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं.