इचरजबाईंचे चाळीस किलोमीटर

शहाद्याच्या इचरजबाई रोज सकाळी सामायिक, म्हणजे जैनांची ध्यानाची बैठक, आटोपली की त्या दिवसाचे नियम घेतात. आज किती पदार्थ खाईन, किती वाहनांत बसेन, घरापासून किती लांब जाईन, हे आधी बोलून टाकायचं आणि मग दिवसभर त्याच कुंपणात राहायचं. बाकीच्या जैन बायका चातुर्मासापुरतं करत असतील, इचरजबाई बारा महिने करतात. अंतराचा त्यांचा आकडा ठरलेला, पाच किलोमीटर. दुकान, जैन स्थानक, डॉक्टर आणि नणंदेचं घर, सगळं त्या पाचात बसतं. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "चाळीस."

चाळीस म्हणजे नंदुरबार. तिथं त्यांचं माहेर. आणि एकसष्टाव्या वर्षी त्यांना माहेरी जायचं होतं ते सायकलवर.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं धाकट्या भावानं. शांतिलालचं नंदुरबारला कापडाचं दुकान. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर या गड्यानं थेट वीस हजारांची गिअरची सायकल घेतली. सोबत हेल्मेट, हातमोजे आणि हँडलवर किलोमीटर दाखवणारा मीटर. दर रविवारी तो कुठंतरी जातो आणि घामाघूम चेहऱ्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकतो. एकदा त्या फोटोखाली इचरजबाईंनी लिहिलं, 'मलाही घेऊन चल.' सगळा ग्रुप हसला. इचरजबाई हसल्या नाहीत. नात जिया पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली धूळ खात होती. ती त्यांनी पुसली, हवा भरून आणली आणि दोन महिने सकाळी कॉलनीच्या रस्त्यावर चालवली. दोनदा पडल्या, पण सांगितलं कुणालाच नाही.

आता खरं कारण सांगतो. कारण होती त्यांची बाई. बाई म्हणजे आई. या घरात आईला बाईच म्हणतात. इचरज तेरा वर्षांची होती तेव्हा दुपारी पुरुषमाणसं झोपली की बाई तिला कापसाच्या गोदामाच्या आवारात न्यायची आणि मागून कॅरिअर धरून सायकल शिकवायची. स्वतः बाईला सायकल येत नव्हती, पण पोरीला यावी अशी हौस. नऊ वर्षांचा शांतिलाल फाटकावर पहाऱ्याला. अशा अकरा दुपारी गेल्या. बाराव्या दुपारी बाईला आठवलं की चुलीवर दूध ठेवलंय, आणि ती हात सोडून घरात पळाली. त्याच वेळी इचरजला तोल सापडला. तिनं आवाराला तीन फेऱ्या मारल्या, एकटीनं. चौथ्या फेरीला समोर आजोबा उभे. शांतिलाल महाराज पहारा सोडून गोट्या खेळत बसले होते! त्या दिवसापासून पोरीची सायकल बंद, ती कायमची. दूधही उतू गेलंच.

म्हणजे जिनं अकरा दुपारी कॅरिअर धरलं, तिनं लेकीला सायकल चालवताना कधी पाहिलंच नाही. आता बाई त्र्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती पायरीवरून पडली. हाड जुळलं, पण भीती गेली नाही. तेव्हापासून उंबरा ओलांडायचं नाव काढलं की ती एकच शब्द बोलते, "कोनी." नाही म्हणजे नाही. मोतीबिंदूही वाढत चाललाय. तिच्या डोळ्यांत उजेड आहे तोवर तिच्या दारात सायकलवरून उतरायचं, एवढंच इचरजबाईंना हवं होतं.

शांतिलाल आदल्या दिवशीच शहाद्याला मुक्कामी आला होता. ऊन वर आल्यावर दोघं निघाले. इचरजबाईंनी साडीला नऊ पिना लावल्या होत्या, पायांत जियाचे बूट. समोरून पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या येत होत्या, हवेत थंडी होती. घरात ही भावंडं मारवाडीत बोलतात, पण सायकलवर बसल्याबरोबर दोघांच्या तोंडी गल्लीतली अहिराणी आली.

"जीजी, हळू चाल ना! माले बी संगे ऱ्हाऊ दे."

"तुन्ही सायकल ईस हजारनी शे ना? मंग तिले सांग."

प्रकाशाच्या पुलावर त्या थांबल्या. चाळीस वर्षं त्यांनी ही तापी एसटीच्या खिडकीतून पाहिली होती, पिशवी सांभाळत. आज पुलावरचा वारा पदरात शिरला आणि त्यांना इतका आनंद झाला की त्या नुसत्याच "ओ!" करून ओरडल्या. शांतिलालही ओरडला. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, पण बहिणीपुढे नऊचाच झाला होता.

कोरीटजवळ रस्त्याकडेच्या शेतात कापूस वेचणाऱ्या एका बाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मावशी, कोठे जाई ऱ्हायनात?"

"माहेरले!"

"माय व! माले बी बसाडी ल्या ना!"

त्यानंतर कितीतरी वेळ इचरजबाई एकट्याच हसत होत्या. मांड्या भरून आल्या होत्या, तळहात लाल झाले होते, पण नंदुरबार दिसायला लागलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरची वाळत घातलेल्या पथारी, लालेलाल. दोघंही शिंकत शिंकत पायडल मारत होते. तेवढ्यात इचरजबाईंनी भावाच्या मीटरकडे पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला.

"काय व्हयनं?"

"चाळीस."

शांतिलालनं कपाळाला हात लावला. लोक म्हणतात ते चाळीस स्टँडपासून स्टँडपर्यंत. जीजीचं घर शहाद्याच्या पार अलीकडच्या टोकाला आणि बाईचं नंदुरबारच्या पलीकडच्या. जाताना सायकल, येताना मोटार म्हणून वाहनं आठवणीनं दोन धरली होती. अंतरात मात्र जीजी चुकली होती.

"अडीच किलोमीटर शे फक्त, जीजी. कोन देखी ऱ्हायनं?"

"मी देखी ऱ्हायनी ना!" त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वर्षं थांबून अडीच किलोमीटरसाठी सगळं राहणार होतं. त्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि रडल्या.

शांतिलालनं घरी फोन लावला. त्याचा मुलगा अरिहंत याला सगळं सांगितलं, त्यानं ते बाईला सांगितलं. नियम मोड, असं बाईनं म्हणणं शक्यच नव्हतं. लेकीला नियम घ्यायला शिकवलं होतं तिनंच. मग फोनवरच अरिहंतचा घाबरा आवाज आला, "पप्पा, दादी चप्पल शोधतेय."

अर्ध्या तासानं मोटार आली. दार उघडलं, आधी काठी बाहेर आली, मग बाई. दोन वर्षांनी तिनं रस्त्यावर पाय ठेवला होता. मिरचीच्या ठसक्यानं ती लागोपाठ तीनदा शिंकली. पथारीवरच्या माणसांनी खुर्ची आणून दिली, ती तिनं रस्त्याच्या कडेला, लेकीपासून चार पावलांवर कोरीटच्या बाजूला मांडून घेतली.

पुढं जायला बंदी होती, मागं जायला नव्हती. इचरजबाईंनी डोळे पुसले, सायकल वळवली आणि कोरीटच्या दिशेनं अर्धा किलोमीटर मागं गेल्या. शांतिलालनं विटेच्या तुकड्यानं चाळीसच्या जागी रेघ ओढली आणि हात आडवे करून ट्रक थांबवायला उभा राहिला. या खेपेला त्यानं पहारा सोडला नाही.

इचरजबाई निघाल्या. पदर उडत होता, एक पिन केव्हाच निघून गेली होती. बाईसमोरून जाताना त्यांनी घंटी वाजवली, एकदा नाही, पाच-सहा वेळा, आणि बरोबर रेघेवर येऊन थांबल्या. पथारीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. इचरजबाई धापा टाकत जवळ आल्या.

"देख्यो, बाई?"

बाईनं खुर्चीत नीट बसून घेतलं.

"आज चूला पर दूध कोनी," ती म्हणाली. "एक बार फेर."

इचरजबाईंनी सायकल वळवली.