ओस्मारची बरणी

ओस्मार दारूला लागला, ही बातमी आमच्या गल्लीत रविवारी चर्चमधूनच फुटली. सांगणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: फादर सेल्सोंचं प्रवचन चाललंय आणि हा बाकाखालून काचेची बरणी काढतोय, उजेडाला धरतोय, हलवतोय, पुन्हा बघतोय. पण त्यातलं घोटभर जरी कुणी प्यालं असतं, तरी थेट दवाखाना गाठला असता. बरणीत होतं डिझेल आणि त्यात मिसळलेलं उसाचं अल्कोहोल.

दुखणं वेगळंच होतं. बावीस वर्षं ड्रायव्हरांच्या संताची, क्रिस्तोव्हांवची मूर्ती मिरवायचा मान ओस्मारच्या ट्रकचा. गेल्या जुलैत त्या ट्रकनं चढावर असा काळा धूर ओकला, की संत कोळसेवाल्यासारखा दिसायला लागला. "यंदा काजळी दिसली, तर मान क्लोव्हिसच्या नव्या ट्रकला," फादरांनी बजावलं.

तेव्हापासून ह्याला चैन नाही. अल्कोहोल घातलं की धूर घटतो, असं साखर कारखान्यात ऐकलेलं. आमच्याकडे मोटारी उसाच्या अल्कोहोलवरही चालतात; पंपावर मिळणारं तेच त्यानं आणून ओतलं. त्यात पाणी असतं, हे विसरला. तासाभरात बरणीत दोन थर! मग कारखान्यातून बिनपाण्याचं आणलं, जोडीला एरंडेल घातलं, तेव्हा कुठे जमलं. तरी जेवताना बरणी, दाढी करताना बरणी.

"माझ्याकडे कधी बघितलंस रे इतकं?" बायको नेऊझा म्हणाली.

"तू थोडीच दोन थर करून बसतेस!"

आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; मिरवणुकीच्या सकाळी थंडीत ट्रक सुरूच होईना. अकराव्या खेपेला खोकत, तडतडत उठला. धूर मात्र नावालाच. ओस्मारचे डोळे रस्त्यावर कमी, आरशात जास्त. पण चर्चच्या चढावर घात झाला. मिश्रणानं धुराबरोबर जोरही नेला होता. अर्ध्यात गाडी थांबली.

"ओस्मारदादा," मागून क्लोव्हिस ओरडला, "संतांना खाली उतरून चालायला सांगू का?"

बँडवाले धावले, बाया धावल्या, शेवटी झग्याच्या बाह्या सारून फादरांनीही खांदा लावला. वर पोचल्यावर धापा टाकत ते म्हणाले, "ओस्मार, ह्याला ट्रक म्हणतात?"

ओस्मारनं रुमाल काढून संताच्या गालावरून फिरवला आणि तो पांढराशुभ्र रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"काजळीची अट तुमची होती, फादर. चढायची अट कुणी घातलीच नव्हती."