परिषदेच्या कागदावरचा अर्ज

एका मुलीचा अर्ज मी न वाचता भलत्या फायलीला लावला. मूर्खपणा एवढाच. करायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

तेव्हा मी विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात कारकून होते. पन्नाशी उलटलेली, चष्मा साखळीला, आणि डोक्यात हवा अशी की कुलगुरू रजेवर गेले तर चालेल, मी गेले तर सोलापूर बंद. नात म्हणते, "आजी, तू भयंकर असशील." भयंकर नव्हते. व्यवस्थित होते.

ती मुलगी विद्यार्थी परिषदेची सचिव. माळशिरसकडची, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, राहायला मुलींच्या वसतिगृहात. तेव्हा निवडणुका नव्हत्या, मार्कांवरून प्रतिनिधी नेमत. बहुतेक जण फेटा बांधून फोटो काढण्यापुरते. ही मात्र रोज माझ्या खिडकीशी. दोन्ही कोपरं टेकवायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "माझं न्हाई बाई, पोरींचं हाय."

कधी वसतिगृहातल्या पाण्याचं, कधी परीक्षेच्या फॉर्मचं. होटगीच्या पोरींना बस थांब्यावर घेतच नाही म्हटल्यावर ही आठवडाभर तिथे जाऊन उभी राहिली. शेवटच्या दिवशी तळहातावर बसचे नंबर लिहून आली आणि हातच माझ्यासमोर धरला.

"उतरवून घ्या की बाई. जेवायचं खोळंबलंय."

"तुला नेमलंय की अंगात आलंय गं?"

"दोनी बी हाय की."

बस थांबायला लागली. श्रेय मी घेतलं.

तिला वळण मात्र मीच लावलेलं. पहिल्यांदा ती वहीचं पान फाडून अर्ज घेऊन आली, तेव्हा मी तो दोन बोटांत धरून परत दिला. "साध्या कागदावरचं मी वाचत नाही. परिषदेच्या छापील कागदावर आण." पोरीने पुन्हा कधी चूक केली नाही.

आता गंमत ऐका. परिषदेच्या कागदावरचं सगळं लाल फायलीत जाई, आणि ती फाईल परिषदेच्या बैठकीतच उघडे. विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज असेल तर तो त्याच दिवशी संचालकांच्या टेबलावर. हा फरक मी तिला सांगितला नव्हता. मला ठाऊक होता, तेवढं मला पुरत होतं.

उन्हाळी सुट्टीला तीन दिवस उरले असताना ती आली. कोपरं टेकवली नाहीत. घडी घातलेला छापील कागद नुसता पुढे सरकवला.

"काय गं, आज भाषण नाही?"

"वाचा की बाई, निवांत."

वर परिषदेचं नाव दिसलं. पाण्याचंच असणार, म्हटलं. लाल फाईल. पुढचे दोन दिवस ती खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसायची. मी मान वर केली की बघायची. मला वाटलं, उन्हातून आलीय, पंख्याखाली टेकलीय. तिसऱ्या दिवशी वसतिगृह रिकामं झालं. तिला न्यायला भाऊ जीप घेऊन आला होता.

बैठक ऑगस्टात झाली. संचालक अर्ज मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज उतरला. घरी लग्न ठरवलं आहे. गेले तर परत पाठवणार नाहीत. सुट्टीत वसतिगृहात राहू द्यावे.

"बाई, एक खोली तर उघडी ठेवायची होती," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी रेक्टरना सांगितलं असतं."

मी चष्मा पुसत बसले.

दिवाळीनंतर ती आली, मूळ कागदपत्रं परत न्यायला. नणंद सोबत, दाराशी उभी. पोरगी निम्मी झाली होती. मी दाखवलं तिथे तिने सही केली. मग नणंदेला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी सांगून टाकलं, की तुझा अर्ज मी वाचलाच नव्हता, भलत्याच फायलीला लावला.

तिने दाखले पिशवीत घातले. रागावली नाही. जरा नवल वाटल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाली,

"न वाचताच व्हय? आन मला वाटलं, वाचून न्हाई म्हनला तुमी. म्हनून तर दोन दिस समोर बसून बी इचारलं न्हाई."