येऊद्याकाकांची साक्ष

आमच्या रस्त्यावर गाड्या लावून देणाऱ्या माणसाचं खरं नाव कुणी कधी विचारलंच नाही. गाडीच्या मागे उभं राहून हात हलवत ते "येऊ द्या, येऊ द्या, बस" म्हणायचे आणि काचेवर पावती खोचायचे, म्हणून येऊद्याकाका. अठरा वर्षांत त्यांच्या शब्दावर मागे आलेल्या एकाही गाडीला ओरखडा आला नाही.

माझं दिव्यांचं दुकान त्याच रस्त्यावर. नगरपालिकेनं तिथल्या गाड्या बंद करून अख्खा रस्ता चालणाऱ्यांना द्यायचं काढलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मीच पुढे होतो. 'गाडी लावायला जागा नाही, तर गिऱ्हाईक येईल कशाला?' हे वाक्य माझं. ते कापडावर रंगवून आम्ही रस्त्याच्या दोन्ही टोकांना टांगलं होतं.

सुनावणीची तारीख लागली. गाद्यांचं दुकान चालवणारे माझे शेजारी म्हणाले, "काकांना साक्षीला न्या. त्यांचं तर हातावरचं पोट. आपल्यापेक्षा त्यांचं ऐकतील."

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "जे विचारतील ते सांगेन." मला वाटलं, काम फत्ते.

सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काकांना विचारलं, "रोज किती गिऱ्हाइकं गाडीनं येतात?"

काका उभे राहिले. "बाई, तिथं छत्तीस गाड्या मावतात. त्यातल्या एकवीस दुकानदारांच्याच. सकाळी लागल्या की दुकान बंद होईपर्यंत हलत नाहीत. नऊ-दहा मागच्या कचेरीतल्या लोकांच्या. उरल्या पाच-सहा. त्यात गिऱ्हाईक."

"मग बाकीचं गिऱ्हाईक?"

"चालत येतं. बसथांब्यावरून, नाहीतर मागच्या गल्ल्यांतून. दोन गाड्यांच्या मधून अंग चोरून वाट काढतं. बरोबर लेकरू असलं तर थांबतच नाही, हात सोडायची सोय नाही ना."

मी मान खाली घातली. त्या एकवीसमधली पहिली गाडी माझी होती, आणि रोज माझ्याच दुकानाच्या काचेसमोर उभी असायची. समोरच्या बाजूनं जाणाऱ्याला माझे दिवे दिसायचे कुठून?

बाईंनी विचारलं, "रस्ता बंद झाला तर तुमचं काम जाईल, हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पण तुम्ही विचारलं गाड्यांचं."

बाहेर आल्यावर गाद्यावाले सगळ्यांच्या देखत म्हणाले, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!" त्या दिवसापासून एकाही दुकानातून काकांना चहा गेला नाही. माझ्याही नाही, हे लपवण्यात अर्थ नाही.

काकांच्या बायको इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरी धुवायला होत्या. घरी काय झालं ते त्यांनीच मला पुढे सांगितलं. "मी म्हटलं, खरं बोललात ते चांगलंच केलंत. पण माझ्या एकटीच्या पगारात भागवायचं कसं, हे आधी बोलला असतात तर? त्यावर ह्यांनी भांडी घासायला घेतली."

रस्ता खणला गेला. पाच महिने नुसती धूळ. गिऱ्हाईक फिरकेना, माझं दुकान निम्म्यावर आलं. मी मनातल्या मनात काकांना शिव्या घालत होतो.

मग फरसबंदी झाली, झाडं लागली, सावलीत बाकडी आली. पहिल्या आठवड्यात लोक नुसते फिरून गेले. दुसऱ्या आठवड्यात एक बाई माझ्या काचेसमोर थांबल्या, पोराचा हात सोडला आणि पाच मिनिटं दिवे बघत राहिल्या. घेऊन गेल्या तो सगळ्यात महागातला दिवा. मला म्हणाल्या, "किती वर्षं इथून जाते, हे दुकान आहे हेच माहीत नव्हतं." वर्ष सरता सरता माझी विक्री सव्वापट झाली. रस्त्याच्या टोकाला तीन गाळे वर्षानुवर्षं बंद पडले होते, तेही उघडले. मालकांनी भाडीही वाढवली, त्यावरून आमची खडाजंगी चालूच आहे.

काका मात्र रस्ता खणल्यापासून बिनकामाचे होते, फरसबंदीनंतरही दोन महिने. रोज येऊन बाकावर बसायचे आणि माणसं बघायचे. गाद्यावाल्यांकडे एका म्हाताऱ्या जोडप्यानं जाड गादी घेतली, पण गाडी रस्त्याच्या टोकाला, तिथपर्यंत न्यायची कुणी? काका उठले, कुठूनशी एक ढकलगाडी घेऊन आले आणि गादी पोचवून आले. गाद्यावाल्यांनी त्या दिवशी त्यांना स्वतःच्या हातानं चहा दिला. माफी मागायला त्यांना आणखी महिना लागला.

ओझी नेता नेता काकांच्या एक लक्षात आलं, ते आम्हा दुकानदारांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते मला म्हणाले, "शेठ, माणूस कंटाळून घरी जात नाही. हात भरले की जातो."

त्यांनी जिन्याखालची एक खोली भाड्यानं घेतली आणि फळ्या ठोकल्या. पिशव्या इथं ठेवा, बिल्ला घ्या, मोकळ्या हातानं फिरा, जाताना सामान गाडीपाशी किंवा बसथांब्यावर मिळेल. वर्षभरात त्यांच्या बायकोनं धोबीखाना सोडला. बिल्ले त्या सांभाळतात आणि विसरलेल्या छत्र्यांवरून लोकांची हजेरी घेतात. तीन ढकलगाड्या झाल्यात. माझी झुंबरं काकांशिवाय कुणाच्या हाती देत नाही.

मागच्या महिन्यात पलीकडच्या रस्त्याचे दुकानदार त्यांना भेटायला आले. त्यांच्याकडेही गाड्या बंद करायचं घाटतंय. त्यांना धीर हवा होता.

काका म्हणाले, "धंदा वाढेल. पण आधी पाच महिने हाल होतील. तेवढ्यापुरते पैसे गाठीला ठेवा, आणि मालकाकडून भाड्याचं आधीच लिहून घ्या."

एकाचा चेहरा उतरला. "काका, चांगलं तेवढंच सांगा की."

"हेच चांगलं सांगतोय," काका म्हणाले. कुणीतरी टेबल घेऊन खोळंबलं होतं, तिकडे ते ढकलगाडी घेऊन निघाले.